जेवणानंतर एक

भागिरथीच्या स्वयंपाकघरात फ्रीजच्या कडेला एक कॅलेंडर टांगलेलं आहे. त्यावर दुधाचे खाडे लिहिलेले नाहीत, गॅस कधी लावला तेही नाही. फक्त लाल पेनाचे गोल आहेत. सोमवार, गुरुवार, शनिवार या वारांना गोल. दोन्ही एकादशांना, संकष्टीला, प्रदोषाला गोल. श्रावणाचं पान तर लांबून लालच दिसतं. हे उपास भागिरथीचे नाहीत. तिच्या नवऱ्याचे, सहादेव मिस्त्रींचे आहेत. तिनं ते त्यांच्या नावानं देवाला बोललेले आहेत.

सहादेव मिस्त्री श्रीगोंद्यात पेडगाव रस्त्याला मोटारी भरायचे. विहिरीवरची नाहीतर बोअरमधली मोटार जळाली की ती उघडायची, आतली काळी पडलेली तार तोडून काढायची आणि नवी तांब्याची तार एकेका खाचेत बसवत जायची, याला मोटार भरणं म्हणतात. कुठल्या खाचेत तारेचे किती फेरे, हे ठरलेलं असतं. फेरा कमी पडला तर मोटार तापते, गुरगुरते आणि महिन्याच्या आत परत दुकानात येते. सहादेवांनी भरलेली मोटार परत यायची नाही. सगळा तालुका उसाचा. उन्हाळ्यात विजेचा दाब घसरला की त्यांच्या दुकानापुढं टेम्पो लागायचे. फेरे मोजताना सहादेव कुणाशी बोलत नसत. अशा वेळी गिऱ्हाईक आलं तर गोरक्ष, म्हणजे भागिरथीचा धाकटा भाऊ आणि दुकानातला दुसरा कारागीर, बाहेरचं बाकडं दाखवायचा. "मिस्त्री मोजत्यात," एवढंच सांगायचा. पुढाऱ्याचा माणूस असला तरी गुमान बाकड्यावर बसायचा.

अडीच वर्षांपूर्वीच्या एप्रिलात एका सकाळी सहादेव पाच एचपीची मोटार भरत होते. मध्येच त्यांचा हात थांबला.

"फेरे किती झाले रं?" त्यांनी विचारलं.

गोरक्ष हसला. "मला काय ठावं, दाजी? मोजणार तुमी."

सहादेवांनी भरलेली तार सोडवली आणि पहिल्या खाचेपासून परत सुरुवात केली. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा ते तार हातात धरून नुसते बसून राहिले. बारा वाजता हात धुतले, घरी आले आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

"काय हुतंय?" भागिरथीनं विचारलं.

"काय न्हाई."

"डोकं दुखतंय का?"

"न्हाई."

"मग?"

"तार दिसतीय. हात उचलत न्हाई."

दुकानावर कुणीतरी म्हणालं, "मिस्त्रीचीच मोटार जळाली वाटतं." संध्याकाळपर्यंत ते पेडगाव रस्त्याला सगळ्यांच्या तोंडी झालं. पहिले पंधरा दिवस हसण्यावारी गेले. मग लोक हसायचे थांबले, कारण सहादेव दाढी करेनात, आंघोळीला उठेनात आणि ताटावरून दोन घासांत उठू लागले. पहाटे तीनला डोळे उघडायचे आणि उजाडेपर्यंत आढ्याकडं बघत पडून राहायचे. भागिरथी शेजारी जागी असायची.

गल्लीतल्या डॉक्टरनं सलाईन लावलं. तीन दिवस ताकदीची इंजेक्शनं दिली. रक्त तपासलं, लघवी तपासली, छातीची पट्टी काढली. सगळे रिपोर्ट चांगले आले. त्याचं घरात कुणालाच समाधान वाटलं नाही. मुलगा आदिनाथ सुप्याच्या एमआयडीसीत कामाला, रविवारी घरी येणारा. त्यानं रिपोर्टांची फाईल दोनदा उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाला, "मग झालंय काय बाबांना? काहीच न्हाई तर उठत का न्हाईत?"

सहादेवांची थोरली बहीण लंकाबाई दोन घरं सोडून राहते. तिला मात्र उत्तर सापडलं होतं.

"भागे, डाक्टरचं डाक्टर करंल. आपलं आपुन करायला नगं का?"

"काय करू, आक्का?"

"गुरवार धर त्याच्या नावानं. दत्ताचा. शनवार मारुतीचा. सोमवार बी बोल. शंकर भोळा हाय, लवकर ऐकतो."

"पर करनार का ते? दोन घास पोटात जात न्हाईत, वर उपास?"

"त्याला कुठं खायचंय?" लंकाबाई म्हणाली. "त्याला सोपं जाईल."

ते खरंच सोपं गेलं. भागिरथीनं सांगितलं, सहादेवांनी मान हलवली. जेवायला चला म्हणून तीनदा हाक मारणारं घर उपासाच्या दिवशी गप्प राहायचं. सकाळी चहा आणि मूठभर शेंगदाणे, संध्याकाळी देवापुढं दिवा लावून उपास सोडायचा. आजारी पडल्यापासून त्या घरात पहिल्यांदाच एखादी गोष्ट ठरल्याप्रमाणे होऊ लागली. पुढं भागिरथीनं एकादशी बोलली, मग संकष्टी, मग प्रदोष.

त्याच पावसाळ्यात गोरक्ष त्यांना नगरला मनोविकारांच्या एका खासगी डॉक्टरकडं घेऊन गेला. बाहेर साठ-सत्तर माणसं. चार तास बसल्यावर सहा मिनिटं मिळाली. पण त्या सहा मिनिटांत डॉक्टरनं जे सांगितलं ते भागिरथीला समजलं आणि पटलंही. हे नैराश्य आहे. बीपी आणि शुगरसारखाच हा आजार आहे. नाटक नाही, आळस नाही, बाहेरचं तर नाहीच. दोन गोळ्या आहेत. रात्रीची झोपेची, ती आज रात्रीच काम करेल. सकाळची गोळी खरं औषध, पण तिचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर धीर धरायचा.

दुसऱ्या दिवशी भागिरथीनं देवपूजा होताच, चहाबरोबर सकाळची गोळी दिली. अर्ध्या तासात सहादेवांना उलटी झाली आणि ते घामाघूम होऊन मोरीतच बसले. तिनं घाबरून दवाखान्यात फोन लावला. फोनवर कंपाउंडर होता.

"उपाशीपोटी दिली का?"

"चहा दिला हुता."

"चहाला जेवण म्हणतात का, मावशी? पाकिटावर लिहिलंय की. सकाळी जेवणानंतर एक. उपाशीपोटी अजिबात द्यायची नाही."

भागिरथी सातवीपर्यंत शिकलेली आहे. तिनं पाकीट पुन्हा वाचलं. सकाळी जेवणानंतर एक. त्या दिवसापासून तिनं गोळीचा डबा आपल्या हातात ठेवला. साडेदहाला भाकरी झाली, सहादेवांनी निदान अर्धी खाल्ली, की मगच गोळी. भाकरीवर गोळी दिली की उलटी होत नाही, हे तिला दुसऱ्याच दिवशी कळलं. त्यानंतर या नियमात तिनं कधी ढिलाई केली नाही.

तिसरा दिवस गुरुवार होता. त्या दिवशी जेवण नव्हतं. म्हणून गोळीही नव्हती.

यात तिला विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. शेंगदाणे आणि भगर हा फराळ, ते जेवण नव्हे, हे कुणाच्याही घरात कुणीही सांगेल. संध्याकाळी उपास सुटल्यावर रात्रीची गोळी ती न चुकता द्यायची. सकाळची रात्री देऊन दोन एकावर एक कशाला, कमीजास्त झालं तर? ज्या बाईला एकदा नवऱ्याला मोरीत बसलेलं पाहावं लागलं, ती प्रयोग करत नाही. शिवाय उपासाच्या दिवशी दुसरं औषध चालूच होतं, असं तिच्या मनात होतं.

झोपेची गोळी रोज मिळत होती, त्यामुळं सहादेव झोपू लागले. सकाळची गोळी महिन्यात निम्मे दिवस मिळत होती. महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरायच्या, झोपेची तेवढी गावातच जुन्या चिठ्ठीवर मिळायची, म्हणून नगरची खेपही दोन महिन्यांनी व्हायची. प्रत्येक वेळी डॉक्टर विचारायचा, "गोळ्या वेळेवर घेताय ना?"

"एक दिस चुकली न्हाई, साहेब," भागिरथी सांगायची.

ती खोटं बोलत नव्हती. उपासाचा दिवस तिच्या हिशोबी चुकलेला दिवस नव्हता.

गुण दिसेना म्हणून डॉक्टरनं गोळी दुप्पट ताकदीची केली. मग बदलली. नव्या गोळीवर सहादेव एक निराळीच तक्रार करू लागले.

"डोक्यात ठिणगी पडल्यागत हुतं," ते म्हणाले. सगळा जन्म विजेत गेलेला माणूस, त्याला दुसरा शब्द सुचला नाही. "मान वळवली का फट् करतं. कुठंतरी शॉर्ट हाय."

रोज घेण्याचं औषध मध्येच तुटलं की काही माणसांना असं होतं. हे त्यांना कुणी सांगितलं नाही, कारण औषध तुटतंय हे कुणाला माहीतच नव्हतं. डॉक्टरनं चक्करेची गोळी वाढवली. ती दिवसातून तीनदा, जेवणानंतर.

मध्ये एकदा समुपदेशन झालं. त्याच दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एक तरुण बाई पाऊण तास सहादेवांपुढं बसली. तिनं बालपण विचारलं, वडील विचारले, राग येतो का विचारलं. सहादेव खुर्चीच्या हाताचा निघालेला स्क्रू बघत राहिले. बाहेर आल्यावर भागिरथीनं विचारलं, "काय बोलला?" ते म्हणाले, "बाई चांगली हाय. तिला बोलाया लई येतंय." परत ते वर गेले नाहीत.

या दोन वर्षांत उपास मात्र पक्के होत गेले. आधी शेंगदाणे सुटले, मग चहा सुटला. नंतर नंतर उपासाच्या दिवशी सहादेव संध्याकाळपर्यंत पाण्याचा घोटही घेईनात. भागिरथीनं ते लंकाबाईला अभिमानानं सांगितलं होतं. "देवाचं तेवढं करत्यात, आक्का. मन लागलंय त्यात." लंकाबाईनं हात जोडून वर पाहिलं होतं.

यंदा गणपती उठल्यावरच्या खेपेला नगरच्या डॉक्टरनं फाईल मिटली. तीन औषधं वापरून झाली, म्हणाला. या माणसाला औषध लागू पडत नाही. आता शॉक ट्रीटमेंट, नाहीतर पुण्याला मोठ्या ठिकाणी दाखवा.

शॉक म्हटल्यावर सहादेव हसले. आजारपणातलं ते पहिलं हसू. "साहेब, तीस वर्सं झाली मला शॉक बसत्यात," ते म्हणाले. डॉक्टरही हसला. भागिरथी हसली नाही.

रविवारी आदिनाथनं ताट बाजूला सारलं. "शॉक? बाबा काय वेडे हायत का? सगळ्या गोळ्या बंद करा आता. दोन वर्षं झाली, काय फरक पडला?"

"झोपत्यात रात्री."

"झोपत्यात! दिवसा बी झोपत्यातच की."

गोरक्ष त्या दिवशी जेवायला होता. त्यानं आपलं बोलणं शेवटाला ठेवलं होतं. सुप्याला एका कंपनीच्या मोटारी भरायचं काम त्याला मिळत होतं, गाळाही बघून ठेवला होता. "मी दिवाळीपर्यंत थांबतो, ताई," तो म्हणाला. "दाजी नुसते येऊन बसले तरी चालंल. मी भरतो, त्यांनी बघावं. पर एकट्यानं हे दुकान वढायचं म्हंजे माझी बी पोरं हायत." तो भिंतीकडं तोंड करून पडलेल्या माणसाला ऐकू जाईल असं बोलला.

दिवाळीपर्यंत सहादेवांनी त्या दुकानात जाऊन बसावं, भागिरथीला एवढंच हवं होतं. तार भरू नये, फेरे मोजू नयेत, नुसतं बसावं. दुकान एकदा उठलं की हा माणूस कशासाठी उठणार? म्हणून आदिनाथला न सांगता ती त्यांना एसटीनं नगरच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. मागच्या खेपेला बसमध्ये एका बाईनं सांगितलं होतं, तिथं शॉकशिवायही काय करतात ते विचारून बघा. गेली तो दिवस गुरुवार होता. मनोविकारांच्या खोलीबाहेर दिशा नावाची एक समाजसेविका केसपेपर भरून घेत होती. तिनं पिशवीतल्या गोळ्यांच्या पट्ट्या टेबलावर मांडल्या.

"काकू, आजची सकाळची गोळी दिलीत?"

"आज गुरवार हाय ना, ताई."

"गुरुवारचं काय?"

"गुरवारचा उपास असतो त्यांचा. जेवानच न्हाई तर गोळी कशी द्यायची? उपाशीपोटी अजाबात द्यायची न्हाई, असं सांगितलंय." हे सांगताना तिचा आवाज हुशार मुलीसारखा झाला होता.

दिशाचा पेन थांबला. "आणखी कोणते उपास असतात काकांचे?"

भागिरथीनं तोंडपाठ सांगितले. सोमवार, शनवार, दोन एकादशा, संकष्टी, दोन प्रदोष. श्रावण अख्खा. नवरात्राचे नऊ दिवस. दिशानं मोबाईलवर मागचा महिना काढला, एकेका तारखेवर बोट ठेवत गेली आणि कागदावर रेघा ओढल्या. सोळा रेघा झाल्या.

"हे आधीच्या डॉक्टरांना सांगितलं होतं?"

"त्यांनी उपासाचं इचारलंच न्हाई कधी."

"आणि तुम्ही दोन वर्षं असंच देताय?"

तेव्हा भागिरथीनं रेघांकडं पाहिलं. तिला कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. महिन्याच्या गोळ्या दोन महिने का पुरतात, हे तिनं घरातल्या मिठा-तेलाबाबत चुटकीसरशी ओळखलं असतं. तिनं पदर तोंडावर घेतला नाही, रडलीही नाही. पट्ट्या गोळा करून पिशवीत भरायला लागली.

"राहू द्या, काकू. डॉक्टरांना दाखवायच्यात."

आतल्या डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी रेघांचा कागद पाहिला, पट्ट्या पाहिल्या, ठिणग्यांचं विचारलं. मग सरळ सहादेवांना विचारलं, "मरणाचे विचार येतात का?"

"येत्यात," सहादेव म्हणाले. "जात्यात."

भागिरथीनं हे पहिल्यांदाच ऐकलं. तिला वाटलं होतं, इतकी वर्षं शेजारी जागं राहून तिला सगळं माहीत आहे. डॉक्टरबाईंनी तिला घरात काय काय कुलपात ठेवायचं ते सांगितलं. असे विचार वाढले तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी यायचं, हेही सांगितलं, आणि दिशानं कागदाच्या कोपऱ्यावर फोन नंबर लिहून दिला.

मग डॉक्टरबाई म्हणाल्या, "शॉकचं मनातून काढा. वाईट उपचार नाही तो, भूल देऊन करतात, पुष्कळांना गुण येतो. पण आज त्याची वेळ नाही. औषध लागू पडत नाही, असं कुणी म्हणू शकत नाही. यांना औषध पोचलंच नाहीये." गोळी रात्रीच्या जेवणानंतर द्यायची, जेवण कमी गेलं तर दुधाबरोबर, म्हणजे उपास असला तरी अडणार नाही. पण रोज. आठ आठवड्यांनी कळेल उपयोग होतोय का. न झाला तर दुसरी. तारीख चार आठवड्यांनंतरची.

"माझ्यामुळं झालं हे," भागिरथी म्हणाली.

"कुणामुळं झालं ते सोडा. रोज द्या."

परतीच्या एसटीत सहादेव खिडकीशी बसले. चिखली घाट मागं पडला. मग काचेकडं बघतच म्हणाले, "परत पहिल्यापासनं."

"व्हय," ती म्हणाली. "औंदा नीट करू."

एप्रिलातल्या त्या सकाळी चौथ्यांदा तार हातात घेऊन बसलेल्या माणसाबद्दल गोरक्षनं सांगितलेलं तिला आठवलं. आपण "नीट करू" म्हणालो ते कुणाला, असा प्रश्न तिला पडला.

गोरक्ष ओट्यावर वाट बघत होता. तिनं सगळं सांगितलं, स्वतःची चूक न लपवता. तो चपलेनं माती उकरत राहिला.

"आठ आठवडं म्हंजे मार्गशीर्ष लागंल, ताई. मी पाडव्याला तिकडं मुहूर्त करायचा म्हणून शब्द दिलाय."

"मला कळतंय रं."

"पंधरा दिसांत न्हाई का पडणार फरक? थोडा तरी?"

"न्हाई म्हणत्यात."

गोरक्ष आत गेला आणि कॉटपाशी उकिडवा बसला. "दाजी, हत्यारं नेऊ का ठिवू? तुमी म्हनला ठिव, तर ठिवतो."

"ने."

"तार गुंडाळायचं मशीन?"

"ते बी ने. बाकडं तेवढं हितं आण."

बाकडं कशाला, हे गोरक्षनं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी टेम्पोतून ते आलं. आता ते अंगणात भिंतीला लावून ठेवलं आहे. त्यावर कुणी बसत नाही.

शुक्रवारी रात्री सहादेवांनी अर्धी भाकरी खाल्ली आणि गोळी घेतली. भागिरथीनं ग्लास हातात धरून ठेवला आणि गोळी गिळताना गळ्याची घाटी हललेली पाहिली. शनिवारी पहाटे ती मारुतीच्या देवळात गेली, नारळ फोडला आणि बोललेलं सगळं परत घेतलं. परतताना लंकाबाई दारात उभी होती.

"बोललेलं फिरवत नसत्यात, भागे."

"मी बोलले, मीच फिरवते. काय वाईट व्हायचं ते मला हू दे."

"अगं पर देवाला काय..."

"देवानं खायला नगं म्हनलं नव्हतं, आक्का. तुमी न् मी म्हनलं."

आजवर लंकाबाईला असं कुणी बोललं नव्हतं. ती आत गेली आणि दार लोटून घेतलं.

भागिरथीनं मेथीची भाजी केली, वरण केलं, भाकरीवर तूप घातलं. साडेदहाला ताट वाढलं.

"आज शनवार," सहादेव म्हणाले.

"सोडला मी तुमचा उपास. नारळ फोडून आले. सगळे सोडले."

"तुझे सोडले असशील."

"अहो, मीच बोलले हुते ते!"

"बोलली तू. केले मी." आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. ते नुसतं सांगत होते. "उपास तेवढा मला जमतो, भागिरथी. बाकीचं काय जमत न्हाई."

ताट तिनं झाकून ठेवलं. दिवसभर त्यांनी पाणी घेतलं नाही. दुपारी आदिनाथचा फोन आला, तो तिनं घेतला नाही. संध्याकाळी दिवा लावला, पुन्हा वाढलं. सहादेव पाटावर बसले. वरणभाताचे दोन घास खाल्ले, तिसरा हातात घेऊन बराच वेळ बघितला, ताटात ठेवला आणि हात धुतला. ती तळहातावर गोळी घेऊन पुढं झाली.

"जेवनानंतर ना?" त्यांनी विचारलं.

"व्हय. घ्या."

"मी जेवलो कुठं?"

तिनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. ते तिला टोमणा मारत नव्हते. दोन वर्षं रोज सकाळी तिनं जो नियम त्यांना ऐकवला होता, तो ते पाळत होते. दोन घासांना जेवण म्हणत नाहीत, हे तिनंच त्यांना कितीदा सांगितलं होतं.

"दुधाबरोबर घ्या. चालतं म्हनल्या डाक्टरीनबाई."

"उलटी हुईल," ते म्हणाले आणि कॉटवर जाऊन भिंतीकडं वळले.

पट्टीतून काढलेली गोळी परत आत बसत नाही. भागिरथीनं ती हळदीकुंकवाच्या रिकाम्या डबीत टाकली. सोमवारी आणखी एक टाकली, गुरुवारी आणखी. मधल्या काही दिवशी ते जेवायचे, त्या दिवशी घ्यायचे. काही दिवशी उपास नसतानाही दोन घासांत उठायचे. तिनं कॅलेंडरवरचे लाल गोल खोडले नाहीत, नवीन केलेही नाहीत. उपास आता तिच्या हातात नव्हते. सहादेव वार विचारायचे नाहीत. त्यांना पाठ झाले होते.

पाडव्याला गोरक्षनं सुप्याला मुहूर्त केला. पेढे पाठवले. पेडगाव रस्त्याच्या गाळ्यात मोबाईलचं दुकान आलं.

चार आठवड्यांनी नगरची तारीख होती, पुन्हा गुरुवारचीच. सहादेव उठले नाहीत. भागिरथीनं लंकाबाईला त्यांच्यापाशी बसवलं, गेल्या महिन्यापासून जवळ ठेवलेली कपाटाची किल्ली कमरेला खोचली आणि एकटीच सकाळच्या गाडीनं गेली.

दिशानं केसपेपर ओढला आणि मान वर करून विचारायला तोंड उघडलं. त्याआधीच भागिरथीनं पिशवीतून डबी काढून तिच्यापुढं टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं.

"ह्या चुकल्या, ताई," ती म्हणाली.